आईच्या न्हाणीघराचा उतार

ती. ताईस,

धाकट्या मालसुनचा गुडघे टेकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? पोहांगच्या खाऱ्या वाऱ्याने ते ठणकतात असं तू म्हणायचीस. भावोजी घरी नाहीत म्हटल्यावर थांबले असतील ठणकायचे. इकडे आम्ही बरे आहोत. आईच्या हाताचं प्लॅस्टर निघालं आणि ती पुन्हा मुळे चिरायला लागली आहे. जेचोनला थंडी पडली. अंगणातल्या नळाला मी जुनी रजई गुंडाळली (भावोजी झोपलेले बघून गुंडाळली, नाहीतर रजई डावीकडून गुंडाळावी की उजवीकडून यात दुपार गेली असती).

हे पत्र खास तुझे आभार मानायला लिहिते आहे. फोन केला असता, पण भावोजी शेजारच्या खोलीत असतात आणि आमच्या भिंतींना हल्ली भोकं आहेत.

तुला आठवतच असेल, छुसकच्या सणाला आई न्हाणीघरात घसरली आणि मनगट मोडून घेतलं, तेव्हा सोलहून दादा आला. खुर्चीवर न टेकता त्याने निकाल दिला की बर्फ पडायच्या आत न्हाणीघर नीट झालं तर ठीक, नाहीतर आईला त्याच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात हलवायचं. खोली त्याने बघूनही ठेवली होती, म्हणे खिडकीतून डोंगर दिसतो. आई म्हणाली, "डोंगर मला इथूनही दिसतो. इथला फुकट दिसतो." पण तिचा चेहरा उतरला होता, ताई. त्या दिवशी तिने जेवणही अर्धंच केलं. मग मी तुला फोन केला आणि तू म्हणालीस, "काळजी करू नकोस, यांना पाठवते दोन-तीन दिवस, यांना घरातलं सगळं येतं." तुझ्या तोंडून इतकं सफाईदार खोटं मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

भावोजी आले ते हत्यारांची पेटी घेऊन. पेटीतल्या प्रत्येक हत्यारावर दुकानाची चिठ्ठी तशीच होती. त्यांनी आयुष्यभर लोकांना मोटार चालवायला शिकवली हे मला माहीत होतं. पण तो माणूस शेजारच्या सीटवरून कधी उतरलाच नाही, हे मला आत्ता कळलं. आम्ही गावातले पेंग गवंडी बोलावले होते. ते जुनी फरशी फोडायला बसले की भावोजी दारात स्टूल टाकून, मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ लावून सूचना देत. "हळू, हळू... आता डावीकडे घ्या... आरशात बघा..." (आरसा आधीच काढून ठेवला होता). एकदा पेंगांचा हातोडा पाइपच्या जवळ गेला तर यांनी इतक्या जोरात "ब्रेक!" म्हणून ओरडावं की आईच्या हातातली वाटी पडली. बोलताना त्यांचा उजवा पाय जमिनीवर दाबला जातो, तुझ्याकडेही जात असेल.

आता तू कधी न्हाणीघर करायला काढलंस तर उपयोगी पडेल म्हणून सांगते. न्हाणीघराची जमीन सपाट नसते. आपण सगळे उभ्याने, बसून, बादलीने, शॉवरने जिथे तिथे पाणी ओतणारी माणसं, तेव्हा जमिनीला जाळीकडे उतार लागतो. हे गावातल्या कोंबड्यांनाही माहीत आहे. पेंगांनी अगदी छान उतार काढला होता. भावोजींनी पेटीतून ती पाण्याच्या बुडबुड्याची पट्टी काढली, जमिनीवर ठेवली आणि बुडबुडा एका कडेला गेलेला बघून कपाळाला हात लावला. "पेंगसाहेब, वाकडं झालंय!"

"उतार आहे तो, नामगुंगसाहेब."

"बुडबुडा मधे पाहिजे. इथं स्पष्ट लिहिलंय."

"मग पाण्याला जाळीकडे काय शिट्टी मारून बोलवणार?"

पण पेंगही काही साधुसंत नाहीत. त्यांना राग आला की ते सांगितलेलं तंतोतंत करतात. त्यांनी गुपचूप सगळं उखडलं आणि बुडबुडा मधोमध येईल अशी जमीन केली. बादलीभर पाणी ओतलं तर ते तिथेच उभं राहिलं, जणू ते फोटोसाठीच थांबलं होतं. भावोजी म्हणाले, थोडा उतार हवा बहुतेक. पेंग म्हणाले, कुठल्या बाजूला ते तुम्हीच सांगा. भावोजी म्हणाले, "माझ्याकडे." भावोजी तेव्हा दारात बसले होते, ताई.

त्यानंतर आमच्या न्हाणीघरातलं पाणी दिवाणखान्यात जायला लागलं. तेही एकदम जात नसे. आधी उंबरठ्याशी रेंगाळून, कुणी बघत नाही असं पाहून ते आत शिरत असे. जमिनीवरचं लिनोलियम फुगलं आणि मधोमध एक टेकाड आलं, त्यावरून आई जपून पाय टाकत जायची. घसरू नये म्हणून केलेल्या कामाने घरात चढण तयार झाली. (म्हणून दुसरा सल्ला असा की फरशा बसवायच्या आधी भिंतींना हातभर उंचीपर्यंत ओल अडवणारा लेप दे, जाळीत बोळा घाल, पाणी भरून एक अख्खा दिवस तसंच ठेव आणि कुठे ओल येते ते बघ. मी हे सुचवलं होतं. भावोजी म्हणाले, "मेहुणीबाई, आत्मविश्वास ठेवा.")

पण न्हाणीघर काहीच नाही. खरं पराक्रमाचं काम झालं थंडीत खोल्यांची जमीन तापवणाऱ्या गरम पाण्याच्या पाइपांचं. न्हाणीघर खोदताना त्यातला एक पाइप हलला, म्हणून भावोजींनी स्वयंपाकघराच्या ओट्याखालचे सगळ्या खोल्यांचे व्हॉल्व्ह सोडवले, पुसले, चकचकीत केले आणि परत बसवले. प्रत्येकावर सुंदर अक्षरात खोलीचं नाव चिकटवलं. अक्षर खरोखर सुंदर आहे. फक्त नावं चुकीच्या व्हॉल्व्हवर आहेत. "आईची खोली" लिहिलेला व्हॉल्व्ह उघडला की मागची कोठी तापते, जिथे आम्ही नुकतेच वर्षाच्या किमचीच्या लोणच्याचे माठ गारव्याला म्हणून भरून ठेवले होते. आई रजईत दात वाजवते आहे आणि आम्ही तिच्यासाठी व्हॉल्व्ह आणखी आणखी उघडतो आहोत! भावोजी म्हणायचे, पाइपात हवा अडकली असेल. ते रोज हवा सोडायचे, फुस्स आवाज यायचा, ते समाधानाने मान डोलवायचे. शेवटी कोठीतून असा आंबूस वास आला की शेजारचा कुत्रा कुंपणापाशी येऊन रडायला लागला. दार उघडलं तर आत उन्हाळा होता. वर्षभराची किमची पार आंबून गेली. आता आम्ही सकाळ-संध्याकाळ तिचंच कालवण खातो. भावोजी दोनदा मागून घेतात आणि म्हणतात, चव काही औरच आली आहे.

त्या दिवशी मात्र मी भडकले. म्हटलं, भावोजी, दादा येत्या रविवारी बघायला येतोय. हे असं बघितलं तर तो आईला त्याच गाडीत घालून नेईल. भावोजी स्टुलावर बसले, पण मोबाइल काढला नाही. मग उठले, पेंगांच्या घरी गेले आणि तिथे काय झालं मला माहीत नाही. दोघेही मद्याचा वास मारत परत आले आणि दुसऱ्या दिवशी भावोजींनी स्टूल अंगणात नेऊन ठेवलं. जमीन पुन्हा उखडली गेली. या वेळी भावोजी स्वतः गुडघ्यांवर बसून सिमेंट कालवत होते आणि पेंग दारातून "ब्रेक, ब्रेक" म्हणत होते. उतार जाळीकडे झाला. खरखरीत फरशा बसल्या. आणि आईने धरायचा स्टीलचा दांडा भावोजींनी एकट्याने बसवला. तो आधी दोनदा निघून हातात आला होता, म्हणून या खेपेस त्यांनी कसलीही जोखीम घेतली नाही, बोल्ट थेट भिंतीतून आरपार घातले. ते स्वयंपाकघरात बाहेर आले आहेत, बोटभर लांब. आईने त्यांवर मुळ्याचा पाला वाळत घातला.

रविवारी दादा आला. सूट घालून, मोजे घालून, पाहणीला आल्यासारखा. घर बघितलं, टेकाड बघितलं, वास घेतला. मग हात धुवायला म्हणून न्हाणीघरात शिरला. आता बेसिनचा नळ आणि शॉवर एकाच जोडणीवर, त्यांच्यात एक छोटी कळ असते आणि शेवटी अंघोळ करणाऱ्याने ती परत नळाकडे फिरवायची, हे लहान मूलही जाणतं. शेवटी अंघोळ भावोजींनी केली होती.

दादाने वाकून नळ उघडला आणि वरून थंड पाण्याची धार सरळ त्याच्या मानेवर. तो ओरडला, मागे सरला, ओल्या मोज्यांचा पाय सटकला. आम्ही सगळे दारात. मला दिसत होतं तो पडतोय, आईसारखाच, त्याच कोपऱ्यात. आणि त्याच्या हाताला दांडा लागला. ताई, आपल्या दादाचं वजन तुला ठाऊक आहे. तो त्या दांड्याला अख्खा लोंबकळला, सूटसकट, वरून शॉवर चालू. दांडा केसभरही हलला नाही.

भावोजींचा उजवा पाय जमिनीवर दाबलेला होता. आई पुढे झाली, कळ फिरवून शॉवर बंद केला, आणि दादाकडे वरून खालपर्यंत बघून म्हणाली, "तुला पेललं. मग मला पेलेल." दादाने आपल्या पायांकडे बघितलं. पाणी सगळं जाळीकडे निघून गेलं होतं. तो म्हणाला, "टॉवेल दे, आई." एवढंच. वृद्धाश्रमाचं नाव त्याने जेवताना काढलं नाही, निघतानाही काढलं नाही. वडिलांची पॅन्ट घालून सोलला गेला.

तर असे आहेत आभार. आता यापुढे तुला कुणी घरकामाला माणूस मागितला तर कृपा करून तोंड मिटून बस.

तुझी,
मालसुन

ता. क. - व्हॉल्व्हवरची नावं मी बदलली आहेत. आई ऊबेत झोपते. भावोजींना कळू दिलेलं नाही. त्यांना वाटतं हवा निघाली.

ता. क. २ - पेंगांनी कालच निरोप धाडला की पलीकडच्या आळीत एक न्हाणीघर आहे, नामगुंगसाहेब येतील का. मी म्हटलं, विचारते.

ता. क. ३ - हे खरं तर आधी लिहायचं होतं. काम संपून बरेच दिवस झाले, ताई, आणि माणूस जायचं नाव काढत नाही. सगळ्यांना सांगतात की पोहांगला माझ्यावाचून अडलं असेल, मग फोन वाजला की मान वर करतात आणि तुझा नाही बघून दांडा पुसत बसतात. निवृत्त झाल्यापासून दिवसभर घरात असायचे, तुला नकोसं झालं होतं, मी समजू शकते. पण ते स्वतःहून विचारणार नाहीत. म्हणून मी विचारते, परत येऊ देत का? नको असेल तर मला लिही, त्यांना नको. आई म्हणते, राहू देत, सकाळी भांडायला कुणीतरी हवंच. पण हवे असतील तर एवढंच कळव की तुझ्याकडे नळ गळतोय. पहिल्या बसने निघतील. एकही गळत नसेल तर एखादा सैल कर.