देवीची राई आन आपली वाडी

आये, पयली आली ती माझी धाकटी जाऊ, रिकामा तांब्या घेऊन ताक मागायला. ताक कशाचं! तिला बघायचं होतं, पुण्याची माणसं आमच्याच ओट्यावर का बसली. मी तर फुलून गेले. दोन बाप्ये आन चष्मा घातलेली एक बाई, एवढा डोंगर चढून माझ्याकडं! तू देवाघरी गेलीस तवा मला एक अक्षर येत नव्हतं. आता नातीपाशी बसून शिकले, म्हणून तुला हे लिहितेय.

झाडं जाळून कोळसा पाडणारा ठेकेदार देवीच्या राईवर टपलाय. ही मंडळी म्हणाली, राईसकट सगळा डोंगर सरकारकडून राखून घेऊ, राष्ट्रीय उद्यान करू, मग आतली काटकीसुद्धा कुणी उचलायची नाही. मी हसलेच. "अवो बाई, माझी आय हेच सांगायची!" तुला आठवतंय? राईतली वाळकी काटकी मी चुलीला आणली, तू हातावर फटका दिलास, कालवण तसंच टाकलंस आन मला ओढत वर घेऊन गेलीस. काटकी होती तिथं ठेवून हळदकुंकू वाहिलं, तवा कुठं मला जेवायला वाढलंस. हे ऐकून बाईचे डोळे भरले. मग काय, मला चेवच आला. बिबट्या सांगितला, शेकरू सांगितलं, झऱ्यावर येणारी भेकरं सांगितली.

"आजी, हे तुम्हीच जंगलखात्याच्या सायबांपुढं बोला. तुमचं ऐकतील," बाई म्हणाली.

"बोलते की. आन आमची वाडी?" मी आपलं सहज इचारलं.

बाईनं चष्मा काढून पदरानं पुसला. मग हळू म्हणाली, "एवढी जनावरं आहेत म्हटल्यावर आत माणसांना राहता येणार नाही, आजी. वाडी खाली हलवावी लागेल."

चहाची वाटी माझ्या हातात तशीच निवली. लेक म्हणतो, "बरंच की आये, पिंपरीला कारखाने निघायलेत, तिकडंच जाऊ." त्याला काय जातंय! मी न्हाई म्हणले तर राईत कुऱ्हाडी शिरतील, व्हय म्हणले तर आपली वाडी माझ्याच तोंडानं उठंल.  आज सकाळी देवीला कौल लावायला गेले. फुलं ओली करून तिच्या दोन्ही अंगाला चिकटवायची, उजवं पडलं तर व्हय, डावं पडलं तर न्हाई. हातात फुलं धरून लई येळ उभी राहिले आन न लावताच परत आले. ती काय सांगंल, त्याचंच भ्या वाटलं गं. लेकाला म्हणले, कौल मिळाला न्हाई. खरं तुलाच सांगतेय, आन हा कागद उतरंडीत सगळ्यात खालच्या मडक्यात घालून ठेवतेय.

सायबाला घेऊन ती मंडळी शनिवारी येतो म्हणालीत, चाकणच्या बाजारादिवशी. त्या दिवशी घरी थांबायचं का बाजाराला निघून जायचं, ते अजून ठरंना.