झुंबरबाईच्या हरभऱ्यातले हंस

मोताळा, माघ महिना

व्याहीबुवा भगवंतराव यांसी, घोंगडीतून कसाबसा हात बाहेर काढून उकंडरावाचा रामराम.

"आंग, आंग!" लहानपणी वर्गात हंसाची कविता घोकत असताना शाळेच्या कौलांवरून खऱ्या हंसांचा हा आवाज गेला, तो अजून माझ्या एका कानात आहे. (दुसऱ्या कानात पोरांच्या लग्नातले आपले हसू आहे. "वऱ्हाडात हंस? बगळे असतील!" म्हणून आपण भर पंगतीला हसवलेत. तेव्हा मठ्ठा आपल्याच नाकात गेला, हे मी कोणाला सांगितलेले नाही.) तब्येत उत्तम असेलच. खामगावच्या सरकीच्या तेलावर माणूस घसरतो, आजारी पडत नाही.

तर आपण आपला कॅमेरा माझ्या हाती देऊन म्हणालात, हंसाचा फोटो आणा, मग सूनबाईला माहेरी पाठवतो. थट्टाच ती, पण दिवाळी गेली, संक्रांत गेली, आमची लेक कोकिळा काही आली नाही, तेव्हा थट्टा जरा लांबटच निघाली. म्हणून कामाला लागलो. हंस हिमालयापलीकडून आमच्या तळ्यावर येतात आणि पहाटे तळ्याकाठच्या वावरात, आमच्या गावच्या झुंबरबाईच्या हरभऱ्यात उतरतात. (कवितेतला हंस मोती टिपतो. हा दिसेल ते ओरबाडतो.) एक दिवस गोफण फिरवू नको, असे तिला विनवले. ती म्हणाली, "आबा, तुमचे हंस मोती खातेत ना? मंग तुमच्या वावरात मोती पेरा. माह्या हरभऱ्यात काऊन घुसून राह्यले?" शेवटी कबूल झाली, पण गोफण जवळच ठेवून.

धुक्यात तिपाई रोवली, काळे कापड डोक्यावरून घेतले. आत काचेवर सारे जग उलटे! आभाळ खाली, आणि हंस पाय वर करून निवांत चरताहेत. व्याहीबुवा, इतके सुंदर मी आयुष्यात पाहिले नाही. कविता आपोआप ओठांवर आली, आणि वाकल्या वाकल्याच मी मोठ्याने चाल धरली. (बटण दाबायचे असते, हे कडवे संपल्यावर आठवणार होते.) इकडे राखणीच्या माळ्यावरून झुंबरबाईला दिसले हरभऱ्यात वाकलेले, घुरघुरणारे एक काळे धूड. करार हंसांपुरता होता. अस्वलाबद्दल बोलणे झालेच नव्हते. धोंडा आला. मी हरभऱ्यात, तिपाई माझ्यावर, आणि सगळा थवा आम्हा दोघांवरून पसार! ती धावत आली. "आबा, तुम्ही हाव काय! अस्वल कविता म्हनते हे मले काय ठाव?" मग जरा विचार करून म्हणाली, "तरी चाल अस्वलाचीच होती."

या धांदलीत बटण दाबले गेले. फोटोची काच कापसात गुंडाळून पाठवत आहे. धुतल्यावर हंस दिसले नाहीत, तर दोष धुणाऱ्याचा. कॅमेरा सुखरूप आहे.

आपला,
उकंडराव

ता. क. – सुखरूप म्हणजे पेटी. पुढचे भिंग जेवढे सापडले तेवढे पुडीत बांधले आहे.

पुन्हा ता. क. – खरे सांगू? कोकिळेची आई रोज भाकरी थापताना पोरीची एक जास्त थापते आणि मग गाईला घालते. पाठवा हो तिला. ते बगळेच होते, असे मी भर पंगतीत उभा राहून म्हणेन.

आणखी ता. क. – दाराशी बैलांची दमणी थांबली. उतरल्या कोण, तर आपल्या सौभाग्यवती अन्नपूर्णाबाई! मागून कोकिळा, तोंडाला पदर लावून हसते आहे. विहीणबाई म्हणतात, "त्याईले म्हनावं, बसा आता फोटो पाहत. मी अन् सूनबाई महिनाभर इथंच. अन् आम्ही कुठी आहो हे बिलकूल कळवू नका." तेव्हा बगळ्यांचे वाक्य मी मागे घेतो, आणि हे पत्र आपल्याला मिळालेले नाही असे आपण समजावे.