खंडेनवमीची वायर

उज्जैन, रविवार

सुलभावहिनी,

काल तुम्ही श्रीधरदादांना व्हीलचेअरवर घेऊन देवास गेटला आमच्या धरण्यावर आलात आणि अर्जावर पहिली सही केलीत. त्यातली पहिली मागणी मी लिहिली आहे: गोदामातल्या प्रत्येक फोर्कलिफ्टचा रिव्हर्स हॉर्न चालू हवा. तो वाजला असता तर यांचा पाय वाचला असता, असं तुम्ही माईकवर सांगितलंत. बरोबर आहे.

खंडेनवमीला आम्ही, ज्या फोर्कलिफ्टखाली दादांचा पाय गेला, त्याच गाडीची पूजा केली. आरती चालू असताना ड्रायव्हरने ती जरा मागे घेतली आणि हॉर्न केकाटायला लागला. दादाच हसून म्हणाले, "अरे यार विहंग, याला चुप कर." मी वायर काढली. आरती झाली, प्रसाद वाटला, वायर तशीच राहिली. तिसऱ्या दिवशी ती गाडी मागे येताना दादांना कळलं नाही. कंपनीने तर हॉर्न कधीच तपासला नव्हता.

काल तुम्ही पाणी आणायला गेलात, तेव्हा दादा हळूच म्हणाले, "वायरचं हिला सांगू नको. कंपनीवरची केस कमजोर होईल." मी मान हलवली.

म्हणून हे पत्र पाठवणार नाही. मागणी मात्र खरीच आहे, वहिनी.

तुमचा,
विहंग