हे हळदीचं काम नव्हतं

आप्पा,

आज निपाणीत आमच्या मुलींच्या शाळेत एक डॉक्टर हळदीवर बोलायला आले होते. किरकोळ कापलं तर स्वच्छ धुऊन हळद लावायला हरकत नाही, खोकल्यात हळद-दुधाने घशाला बरं वाटतं, तिच्यात काही गुण असावा. पण खोल जखमेला तिचा भरवसा धरू नका, असं ते म्हणाले. जमलेल्या सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. मला मागच्या बाकावर तुमचा राग येत होता. हेच आईने बेळगावच्या आपल्या घरात सांगितलं होतं, आणि तुम्ही तिला गप्प केलंत.

तुम्ही दवाखान्यात कंपाउंडर, तरी गल्ली तुम्हाला डॉक्टर म्हणायची, आणि तुम्ही म्हणू द्यायचात. बायका आईकडे हळद मागायला आल्या की तुमच्या कपाळाला आठी पडायची. थंडीत मात्र खोकल्याने जीव हैराण झाला की तिनेच उकळलेलं हळदीचं दूध तुम्ही मुकाट्याने प्यायचात आणि बरं वाटलं की दवाखान्याच्या मिक्स्चरचं कौतुक करत फिरायचात. ती हसून सोडून द्यायची. मला आजही ते सोडवत नाही.

कंग्राळीहून दूध घालायला येणारी बाई तुम्ही विसरला नसाल. एकदा तिचं बोट खुरप्याने कापलं, तेव्हा आईनेच ते धुऊन हळद दाबली होती आणि ते भरूनही आलं होतं. पुढच्या वर्षी ती आली ती भिंतीला धरून. आठ दिवसांमागे गोठ्यात खिळा पायात गेला होता. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात टेकते, म्हणते, तोंड उघडंना झालंय, घास जात न्हाय, तेवढी हळद लाव. आई तिचा जबडा चाचपते, मान चाचपते, आणि आईचाच चेहरा उतरतो. हळदीच्या डब्याला ती हातही लावत नाही.

"हे हळदीचं काम न्हाय गं," ती म्हणते. "आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात जा. सुई टोचाय लागंल." मग तुमच्याकडे वळून सांगते, "तुम्ही संगं जावा."

तुम्ही जेवत होता. ताटावरून उठलाही नाहीत. "चुलीपाशी बसून डॉक्टरकी कराय लागलीस व्हय?" एवढंच म्हणालात. घसा सुजला असंल म्हणून तिला गुळण्यांचं औषध दिलंत आणि घरी धाडलंत. चौथ्या दिवशी ती धनुर्वाताने गेली.

तुमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या कानावर गेलं तेव्हा तुम्ही काय सांगितलंत? आमच्या घरच्या बाईने जखमेत हळद भरली, म्हणून धनुर्वात झाला. नोकरी राहिली तुमची. आईच्या दाराशी मात्र पुन्हा कुणी आलं नाही. पाण्याला गेली की नळावरच्या बायका बोलणं थांबवायच्या. जी एकटी खरं ओळखून बोलली, तिच्या माथी तुम्ही एक मरण मारलंत, आप्पा, आणि त्यानंतर बारा वर्षं तिच्या हातचं जेवलात.

त्या दूधवालीचं दिवसकार्य झाल्यावर तिचा नवरा आपल्याकडे आला होता. त्याने तुम्हाला विचारलं नाही, आईलाही नाही. लहान लेकरू खोटं बोलणार नाही असं त्याला वाटलं असावं. माझ्यापुढे उकिडवा बसून म्हणाला, "पोरी, तुझ्या आईनं काय लावलं व्हतं?" तुम्ही मागे उभे होता. मी नऊ वर्षांची होते.

मी म्हटलं, "हळद."

आई दारातच होती. तिने ऐकलं. त्यावरून ती मला कधी बोलली नाही, मरेपर्यंत नाही. हे पत्र खरं तर तिला लिहायला हवं. आज तीनदा बसले, तीनदा कागद फाडला. तुमच्यावर रागावता येतं, म्हणून तुम्हाला लिहिलं.