डोळ्याजवळचं चाक

यशोदा, नाशिकहून भिकनचा जयभीम.

लेकीकडे मी सुखात आहे. तू गॅस नीट बंद करतेस ना?

तेजलने माझ्या खिशातल्या छोट्या कॅमेऱ्याऐवजी मोठा, डोळा लावून बघायचा कॅमेरा दिला. चार दिवस त्यातून गोदावरी, झाडं, पुलावरची माणसं सगळी धुक्यात तरंगत होती. फोटो छान आलेत, असं ती म्हणायची. मला वाटलं, मन राखते. लांबचं एरवी दिसतं, तरी वाटलं, नजर जायला लागली, उद्या तुझा चेहराही असाच विरघळणार; या भीतीने तुला कळवलं नाही.

काल ती हसली, "अण्णा, डोळ्याजवळचं बारीक चाक फिरवा की! ते आपापल्या नजरेला जुळवायचं असतं, फोटोला त्याने फरक पडत नाही."

फिरवलं, आणि पलीकडच्या बगळ्याचा डोळासुद्धा दिसला.

रविवारी येतो. दारात जरा जास्त वेळ उभी राहा.

तुझा,
भिकन