पौषातले चार रविवार

मोताळा
दि. १६ मार्च २०२५

चि. अश्विनी हिस,

अनेक आशीर्वाद. मामा-मामींना नमस्कार सांग. हरभरा घरात आला. तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितो.

५ जानेवारीला सकाळी मी स्वतः अंगण सारवले, पाट मांडला, गोवऱ्यांवर दुधाचे बोळके ठेवले. पौषातला पहिला रविवार. तुझ्या तोंडावरचे पुरळ गेले तर चारही रविवार तुला सूर्यासमोर उघड्या तोंडाने बसवीन, असे मी देवाला बोललो होतो, आणि पुरळ ओसरले होते. तू ओढणी गुंडाळून आलीस. देवापुढे तोंड झाकतात का, असे मी म्हणालो. तू हसलीस. "बाबा, तुमचा देव फोटो काढून राह्यला का?" आणि ओढणी सोडलीस. पूजा, दूध, नैवेद्य होईतो बारा वाजले.

चौथ्या रविवारी तुझे गाल सोलले, मग काळे डाग पडले. गोरे व्हायच्या हौसेने पोरीने मलम थापले, असे तुझी आई म्हणाली. गल्लीही तेच म्हणाली. मी ऐकून घेतले. तू भांडून चिखलीला मामाकडे निघालीस, तेव्हा मी गोठ्यात वैरण टाकत होतो. टाकून झाली होती, तरी टाकत होतो.

पुरळाचे ते मलम तू बेतानेच लावायचीस. डिसेंबरात तुझी परीक्षा होती, म्हणून औषध बदलून आणायला मी एकटाच बुलढाण्याला गेलो होतो. डॉक्टरांनी नीट समजावले. उन्हाने कातडीतले अ जीवनसत्त्व मोडते. हे मलम त्याच जातीचे, त्याने कातडी कोवळी पडते. रात्री लावायचे, दिवसा ऊन टाळायचे. मुलीला सांगाल ना, असे त्यांनी दोनदा विचारले. मी दोनदा हो म्हणालो.

रात्री लावायचे तेवढे तुला सांगितले. उन्हाचे गिळले. ज्याला रोज हात जोडतो तो माझ्या लेकीला भाजेल, हे मनाला पटेना. आणि बोललेले मोडायची भीती वाटली. देवाने काही केले नाही, अश्विनी. ऊन उन्हासारखे पडले.

डाग जातील की राहतील, डॉक्टरही सांगत नाहीत. सकाळी हात अजून जोडले जातात. काय मागावे ते सुचत नाही.

आज दुपारी जेवणे झाल्यावर तुझ्या आईला सगळे सांगितले. ती बराच वेळ भांडी घासत राहिली. मग म्हणाली, "मी पोरीले काय काय बोलली, अन् तुम्ही चूप ऐकून राह्यले."

उद्या पहिल्या बसने ती तुझ्याकडे येते आहे. परत कधी येणार, ते मी विचारले नाही. हे पत्र तिच्याच हाती देतो. तिला घरात घे. माझे सांगून झाले.

तुझ्या तोंडाकडे बघायची हिंमत नसलेला,
तुझा बाप
शेषराव