खमिराची बरणी आणि गुरुवारची भाकर

मी, दीपमाला संगप्पा सूर्यवंशी, वय तेवीस, शिक्षण बी.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्र, राहणार मुदखेड, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी भाग पाडलं म्हणून नव्हे, भीती वाटते म्हणून. डोकं शाबूत आहे. हृदयाची एक झडप बिघडली आहे. सोमवारी लातूरला ऑपरेशन आहे आणि डॉक्टर माझं हृदय काही वेळ बंद ठेवणार आहेत. मी परत आले नाही तर खालीलप्रमाणे करावं.

१. ओव्हन, वजनकाटा आणि पावाचे तीन साचे आईला द्यावेत. ती ओव्हनमध्ये भांडी ठेवेल. हरकत नाही.

२. काका शिवप्रसाद यांना काही देत नाही. मी पास झाल्याचे पेढे खाता खाता ते म्हणाले होते, "इतकं शिकून पोरगी पावच भाजून राहिली." आमच्या घरातली पहिली पदवी भिंतीवर आहे, ती तिथेच असावी. काका आले की त्यांची खुर्ची तिच्यासमोर मांडावी.

३. साक्षीदाराला दिलेलं टिकत नाही, असं वकिलांनी सांगितलं. म्हणून मैत्रीण पुनमला काही देता येत नाही. तिचा निळा स्वेटर माझ्याकडे आहे. तो मुळात तिचाच आहे, तिने न्यावा. दुसरे साक्षीदार गफूरचाचा. कॉलेजात असताना मी नांदेडला त्यांच्या बेकरीत काम केलं. निघताना त्यांनी पाव फुगवायच्या खमिराचा गोळा बरणीत घालून दिला. म्हणाले, "बेटी, याला रोज पीठपाणी दे. मेलं तर मला तोंड दाखवू नको." ती बरणी आता त्यांनाही परत देता येत नाही.

४. आमच्या चर्चमध्ये खमिराचे दोन अर्थ सांगतात. एका रविवारी ते लपवलेलं पाप असतं, दुसऱ्या रविवारी देवाचं राज्य. दोन्ही झाकून ठेवल्यावरच वाढतात. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी प्रभुभोजनाला बेखमीर, खमिराचा अंशही नसलेली भाकर लागते. ती चाळीस वर्षं माझी आजी बसम्मा करत आली. यंदा तिचे हात चालेनात, म्हणून मी केली. सकाळी ज्या परातीत पाव मळला होता तीच घाईत घेतली. कडेला खमीर चिकटलेलं होतं. दुपारी कणीक फुगलेली दिसली. पुन्हा मळायला वेळ होता. मी ती पातळ लाटून भाजली आणि गप्प बसले. सगळ्यांनी खाल्ली. आजी म्हणाली, "औंदा भाकर मऊ झाली गं. भिजवायचं काम न्हाई."

ऑगस्टमध्ये झडपेचं कळलं. घरात आजारपण आलं की आजी विचारते, "काही लपवून ठेवलंस का?" मी नाही म्हणाले. झडप लहानपणच्या तापाने बिघडली, खमीर म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जीव, हे मला पाठ आहे. तरी छातीत खरखर झाली की परात आठवते. फ्रिजमध्ये खमीर निपचित पडतं आणि उबेला आणलं की उठतं, असंही मी स्वतःला सांगते. पुरत नाही.

५. खमिराची बरणी आजी बसम्माला. फेकावी की जगवावी, तिने ठरवावं. तिला वाचता येत नाही. पुनमने चौथं कलम तिला आजच, मी समोर बसलेली असताना वाचून दाखवावं. मी जिवंत परत आले तर हा कागद रद्द समजावा, पण चौथं कलम रद्द होणार नाही. ते मी चर्चमध्ये उभी राहून सांगेन.

पुरवणी, त्याच दिवशी:

पुनमने वाचलं. आजी म्हणाली, "मला दात न्हाईत, जीभ हाय. पहिल्या घासालाच कळलं होतं."

"मग खाल्लीस कशाला?"

"समद्यांच्या हातात गेली होती. एकटी थुकू काय? तू सांगशील म्हणून वाट बघून राहिले."

तिने झाकण काढून वास घेतला, तोंड वाकडं केलं.

गफूरचाचा म्हणाले, "अम्मा, भुक्का ठेवायचं न्हाई याला."

"किती पीठ घालायचं रोज?"

मी म्हणाले, "पन्नास ग्रॅम."

"गिराम नको सांगू. मूठ सांग."

एक मूठ.

लिहून देणार: दीपमाला संगप्पा सूर्यवंशी (सही)
आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत, पुरवणीसह:
१. पुनम (सही)
२. गफूर (सही)
मुदखेड, शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५